उभ्या गाडीची बॅटरी

बॅटरी उभ्या गाडीत मरते, हे लोकांना पटत नाही. वापरली तर झिजेल आणि ठेवून दिली तर टिकेल, अशी सगळ्यांची समजूत. मी चोवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय आणि आठवड्यातून एकाला तरी सांगतो की बाबा रे, गाडी धावली की बॅटरी भरते, उभी राहिली की उतरते. समोरचा मान डोलावतो, नवी बॅटरी घेतो आणि गाडी पुन्हा जिन्याखाली झाकून ठेवतो. माझ्या बापाचं काय जातं!

मीटरकाका त्यातले नव्हते. चार महिन्यांत तिसऱ्यांदा त्यांची बॅटरी माझ्या टेबलावर आली, तेव्हा त्यांनी स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसले आणि विचारलं, "मिस्त्री, ही जाते कुठे?"

"कोण?"

"वीज. ती अशी आपोआप कुठे जात नसते. कुणीतरी घेतं, तेव्हाच जाते."

मी चार्जरचे चिमटे लावत होतो. मान काही वर केली नाही. ती वीज कोण घेतं हे मला पक्कं ठाऊक होतं. घेणारी वस्तू मीच त्यांच्या गाडीत बसवली होती.

आता नीट सांगतो, नाहीतर मला सरळ चोरांत जमा कराल.

काका वीजखात्यात मीटर बघायचे. एकतीस वर्षं. खांद्याला पिशवी, हातात विजेरी, काखेत जाड वही. कुणाचं मीटर चपलांच्या कपाटामागे आहे, कुणाचा कुत्रा फक्त भुंकतो आणि कुणाचा खरोखर चावतो, कुठल्या जिन्याची चौथी पायरी हलते, सगळं तोंडपाठ. दारात उभं राहून एकच हाक, "मीटर!" त्या हाकेनं अर्ध्या घरांत धावपळ उडायची, कारण बाहेरच्या तारेवर आकडा टाकून फुकटची वीज घेणारे तेव्हा काही कमी नव्हते. काका त्यांना कसं पकडायचे? घरातला मेन स्विच बंद करायला लावायचे आणि मीटरची चकती बघत उभे राहायचे. सगळं बंद असून चकती फिरत असली, तर हे घर शेजाऱ्याला पोसतंय. चकती गप्प आणि घरातला पंखा मात्र गरगर फिरतोय, तर मीटरच्या आधीच आकडा आहे. आरडाओरडा नाही, लगेच तक्रार नाही. पाणी मागायचे, पिऊन झालं की म्हणायचे, "उद्या मी परत येणार आहे." दुसऱ्या दिवशी आकडा गायब.

माझ्या पहिल्या टपरीतही एकदा ते असेच पाणी प्यायले होते. म्हणजे बघा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मोटरसायकल घेतली. आयुष्यभर सायकल हाणलेला माणूस, लहान मुलासारखा रोज गाडी पुसायचा. काकू मागे बसून वर्षभर हिंडल्या आणि मग एका आजारात गेल्या. त्यानंतर घरात काका, चिरंजीव आणि सूनबाई. मागच्या वर्षी चौकात वळताना काकांना चक्कर आली आणि ते गाडीसकट आडवे झाले. कोपर सोलवटलं, एवढंच. पण लोकांनी उचलून घरी आणलेलं बघून चिरंजीवांनी धसका घेतला. गाडी विकायचं ठरवलं. काका दोन दिवस घरात कुणाशी अक्षर बोलले नाहीत. शेवटी गाडी राहिली, पण पुढे काही झालं तर ती जाणार, या बोलीवर.

त्याच आठवड्यात चिरंजीव सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी घेऊन माझ्याकडे आले. खिशातून काळी डबी काढली, साबणाच्या वडीएवढी. गाडी कुठे आहे ते फोनवर दाखवणारी.

"बाबांना सांगू नका," म्हणाले. "त्यांना अपमान वाटेल. पण कुठे रस्त्यात पडले आणि जवळ ओळखीचं कुणी नसलं तर? मला झोप लागत नाही हो."

माणूस खोटं बोलत नव्हता. मला त्यांचं म्हणणं पटलं. डबीला गाडी बंद असतानाही वीज लागते, म्हणून मी तार थेट बॅटरीवरून घेतली, गाडीच्या फ्यूजच्या आधी. ती खाते चिमूटभर. रोज धावणाऱ्या गाडीला पत्ताही लागत नाही, आणि काका तर रोज गाडी काढायचे. मी गाडीचा विचार केला. माणसाचा केला नाही.

झालं काय, की संध्याकाळी जेवताना चिरंजीव सहज विचारायला लागले. आज बाजाराच्या मागच्या गल्लीत काय काम होतं? तळ्याकाठी एवढा वेळ ऊन नाही का लागलं? काका चक्रावले. आपण कुठे जातो हे घरी कोण सांगतं? पेपरवाला? न्हावी? चौकातला इस्त्रीवाला? ज्या माणसाला सगळं गाव हाक मारायचं, तो खाली मान घालून जायला लागला. एकेका रस्त्यावरून जाणं सोडलं, एकेका माणसाशी बोलणं सोडलं. हे सगळं ते माझ्याच स्टुलावर बसून मला सांगायचे आणि वर म्हणायचे, "तुझ्यावर तेवढा भरवसा आहे." मी चहा मागवायचो. दुसरं काय करणार?

पण खरा घोळ आक्काचा. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, आक्कानंच त्यांना न्हाऊमाखू घातलं. आता ती खाणीपलीकडच्या खेड्यात एकटी असते, डोळ्यांना जेमतेम दिसतं. वडिलांच्या घराच्या वाटणीत तिनं सही दिली नाही, त्यात चिरंजीवांचं मोठं घर घ्यायचं राहिलं, आणि दोन घरांचं बोलणं तुटलं. काका मात्र दर पंधरा दिवसांनी सोमवारी, मुलगा-सून कामावर गेली की, गाडी काढून आक्काकडे जायचे. तिच्या पायांची नखं कापायला. म्हातारपणाची जाड, आत वळलेली नखं. आधी अर्धा तास गरम पाण्यात पाय भिजवायचे, मग एकेक बोट मांडीवर घेऊन हळूहळू कापायचं. बस आहे, पण सकाळी जाते ती संध्याकाळी परतते, आणि दिवसभर कुठे होतो हे घरी काय सांगणार?

डबीनं तेही सांगितलं. तीनदा गाडी त्याच खेड्यात थांबलेली दिसल्यावर चिरंजीवांनी ताट सरकवलं. "जिनं आमचं नुकसान केलं, तिच्या पायाशी जाऊन बसता? आणि तेही त्या खाणीच्या रस्त्यानं, ट्रकांच्या मधून? बाबा, तुम्हाला काही झालं तर मी काय करू?" आणि ढसाढसा रडले. परगावी दिलेल्या मुलीचाही फोन आला, तीही रडली. त्या दिवसापासून काकांनी गाडी काढणंच सोडलं. गाडी उभी, डबी चालू. पाच दिवसांत बॅटरी गार. या गाडीला किकही नाही. कधी मनाचा हिय्या करून काका खाली उतरले, तर गाडी नुसती टक टक करायची आणि ते पुन्हा तीन मजले चढून वर जायचे.

आता त्या तिसऱ्या वेळेकडे येतो. आक्काच्या शेजारणीचा फोन आला होता. नखं बोटांत रुतताहेत, चप्पल पायात जात नाही. म्हातारी भिंत धरून दारापर्यंत येते आणि विचारते, आज सोमवार का?

"मला जायचंय, मिस्त्री," काका म्हणाले. "घरात काय व्हायचं ते होऊ दे. पण गाडी मध्येच बंद पडता कामा नये. तेव्हा आज चोर धरायचाच. बॅटरी गाडीला लाव, एक तार सोडव आणि मध्ये तुझा मीटर घाल. चावी बंद."

मेन बंद करून चकती बघायची, तसंच. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मीटरवर चाळीस आलं.

"किती असावं?"

"दोन. फार तर तीन."

"फ्यूज काढ एकेक."

मी एकेक फ्यूज काढला. सगळे काढून झाले, आकडा चाळीसच. काकांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू आलं. "अरे, मीटरच्या आधी आकडा टाकलाय कुणीतरी! धर विजेरी."

मी विजेरी धरली. चोरानंच पोलिसाला उजेड दाखवावा, तशी माझी गत. काकांनी बॅटरीपासून बोट फिरवत फिरवत तार शोधली, सीटखालून मागे गेले, बाजूच्या झाकणात हात घातला आणि डबी बाहेर ओढली. तिच्यावर बारीक हिरवा दिवा उघडझाप करत होता. त्यांनी डबी पाहिली नाही. तारेचा जोड पाहिला, चष्मा वर करून.

"ही टेप तुझी आहे."

मी विजेरी खाली घेतली.

"एकतीस वर्षं लोकांची सीलं बघितलीत मी. कुणाचा हात आहे ते कळतं."

मग मी सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी ठेवली होती. खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. काका स्टुलावर बसून राहिले, डबी हातात.

"यातून मी दिसतो?"

"तुम्ही नाही, गाडी. त्यांच्या फोनवर ठिपका दिसतो."

"ठिपका," काका म्हणाले. "तीन महिने झाले, मी इस्त्रीवाल्याशी बोललेलो नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "आत्ता काढून फेकतो."

"फेक. ठिपका गेला की संध्याकाळी गाडी विकली जाईल."

"मग सरळ विचारा मुलाला! तुमची गाडी, तुमचे पाय. भांडा!"

"भांडू कुणाशी? तो ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. तो रडतो रे. माझी काळजी का करतोस, असं विचारू? घरात मला सगळं आहे. गोळ्या वेळेवर देतात, उशी उन्हात टाकतात. नावं ठेवायला जागा नाही." त्यांनी डबी टेबलावर ठेवली. "दार उघडंच असतं. मला बाहेर पडता येत नाही."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि मला काही असलं ऐकून गप्प बसवत नाही, हा माझा जुना दोष. मी म्हटलं, "काका, गाडी दुरुस्तीला माझ्याकडे आहे असं घरी सांगा. डबी मी काढतो आणि इथे टेबलावर दुसऱ्या बॅटरीला जोडून ठेवतो. ठिपका दिवसभर माझ्या दुकानात. तुम्ही आक्काकडे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं आकडे पकडणारा माणूस! "चोरी शिकवतोस मला," म्हणाले, आणि हसले.

सोमवारी नऊला आले. नवं नखं कापायचं यंत्र घेतलं होतं, मोठं, पकडीसारखं. फोनही माझ्याकडे ठेवला, कारण फोनवरूनही माणूस सापडतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. "एकपर्यंत येतो," म्हणाले. वळणावर गेल्यावर त्यांनी उगीचच दोनदा हॉर्न वाजवला. तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं, की दिवसभर शीळ घालत काम करायचा माझा बेत होता.

एक वाजला. दोन वाजले. म्हटलं, बहीण-भाऊ आहेत, गप्पा रंगल्या असतील. अडीचला टेबलावरचा काकांचा फोन वाजला. चिरंजीव. मी उचलला नाही. मग माझा वाजला.

"मिस्त्री, बाबा तिथेच आहेत ना? गाडी तुमच्याकडेच दिसतेय."

"हो हो. गाडी उघडून ठेवलीय. काका जरा चहाला गेलेत, फोन इथेच विसरले."

"मग हरकत नाही. दुपारची गोळी घेतली का विचाराल?"

ती गोळी काकांच्या खिशात होती की घरी, मला काय माहीत? त्या प्रश्नानं माझी शीळ बंद झाली ती झालीच. तीन वाजले. खाणीच्या रस्त्याला वळणं आहेत, ट्रक आहेत, सावली नाही. माणूस त्रेसष्ट वर्षांचा, एकदा चक्कर येऊन पडलेला. फोन माझ्या टेबलावर. ठिपकाही माझ्या टेबलावर, टुकटुक डोळा मिचकावत. काका कुठे आहेत हे जगात कुणालाही कळायची सोय मी माझ्या हातानं काढून टाकली होती.

साडेतीनला शटर ओढलं आणि गाडीवर निघालो. खाणीपाशी रस्ता फुटतो, एक डावीकडे, एक उजवीकडे. आक्काचं खेडं कुठल्या बाजूला, मी विचारलंच नव्हतं. डावीकडे थोडा गेलो, परतलो. उजवीकडे गेलो, परतलो. एका ट्रकवाल्याला विचारलं, कुणी पडलेलं दिसलं का? तो म्हणाला, पुढे काहीतरी गर्दी होती. पुढे गेलो तर मेंढरं होती. इकडे आड, तिकडे विहीर. चिरंजीवांना सांगावं तर काकांचा विश्वासघात, न सांगावं आणि काका कुठे खड्ड्यात असले तर? दुकानात परत आलो. काकांच्या फोनवर चिरंजीवांचे नऊ कॉल येऊन गेले होते.

सव्वापाचला काका आले. धडधाकट, केसांत धूळ, चेहरा असा उजळलेला की काकू गेल्यापासून मी पाहिला नव्हता.

"अरे, आक्काला झोप लागली," गाडी स्टँडवर लावता लावता सांगायला लागले. "पाय माझ्या मांडीवर, आणि घोरायला लागली. किती रात्रींत झोपली नव्हती म्हणे. मग मी हललोच नाही. चार वाजेपर्यंत तसाच..."

"कुठे होतात?" मी ओरडलो. "एक म्हणाला होतात ना? वय काय आपलं? पडला असतात त्या खाणीत, तर कुणाला कळलं असतं? गोळी घेतलीत? काही लाज आहे का, इथे माणसाचा जीव टांगणीला लागतो याची? पुन्हा असं करायचं नाही, सांगून ठेवतो!"

रस्त्यावरचे दोघे थांबून बघायला लागले. काका माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरत गेलं, आणि मला कळलं मी काय बोललो ते. पण शब्द एकदा गेला की गेला.

त्यांनी फोन उचलला, कॉल पाहिले, खिशात ठेवला. मग टेबलावरची डबी उचलून माझ्या पुढ्यात धरली.

"जोड."

"काका, चुकलं माझं. घाबरलो होतो. पुढच्या वेळी आपण..."

"पुढच्या सोमवारी एक पाय राहिलाय, तो करायला येतो म्हणून सांगितलंय तिला. पण जोड तू."

"नाही जोडणार! मी सांभाळतो ना, तुम्ही बिनधास्त जा."

"तुला नाही झेपायचं, मिस्त्री," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच फार लागलं. "त्यालाही झेपत नाही. एक दिवस घाबरलास तर तू एवढा ओरडलास. तो वर्षभर घाबरलेला आहे."

मी डबी घेतली. सीट काढली, तार थेट बॅटरीवर घेतली, जोडावर टेप गुंडाळली. मुद्दाम वेळ लावला, मधेच नको म्हणतील म्हणून. म्हणाले नाहीत. हिरवा दिवा लागेपर्यंत वाकून उभे राहिले, आणि मग घराच्या दिशेनं गेले.

सातला चिरंजीवांचा फोन आला. "बाबा पोचले. ठिपका आपल्या बिल्डिंगवर आहे. फोन काही उचलला नाही त्यांनी, पण तुम्ही दिवसभर सोबत होतात म्हणून निर्धास्त होतो बघा."

"बिल्डिंगवर आहे ना? नक्की?" मी विचारलं.

"हो, समोरच दिसतोय."

माझा जीव भांड्यात पडला. सकाळी वळणावरचा हॉर्न ऐकून वाटलं होतं, त्याहूनही बरं वाटलं मला. याची मला आजही लाज वाटते.